तिसऱ्या ओळीतली पिवळी पाटी

प्रिय मास्तरीणबाई,

तुझं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. आलं त्या दिवशी दोनदा वाचलं, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं, आणि तेव्हापासून चष्मा डबीत ठेवायचंच सोडून दिलंय. रात्री तो उशाशी उघडाच असतो. काच खराब होते म्हणून मीच सगळ्यांना बोलायचे, आता मलाच कुणीतरी बोलायला हवं.

तू एकच विचारलंयस. “त्या मंगळवारी सकाळी माझी पाटी पिवळी होती का, आणि ती मीच फिरवली होती का, एवढं तू सांग, तू सांगशील ते मी मानेन.” प्रश्न साधा आहे आणि उत्तरही साधं आहे. ते मी देणार आहे. पण तुला माझी सवय माहीत आहे, इंजेक्शन द्यायच्या आधी मी पेशंटशी दोन इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलते. तेवढी सवलत मला दे.

तर आपल्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीची खबर अशी. फिरता बाक सध्या पहिल्या ओळीकडे गेलाय. हवामान खात्यातून रिटायर झालेली स्वारी त्यावर सकाळपासून ठाण मांडून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला संध्याकाळी वारा सुटणार की नाही ते सांगते. परवा त्यांनी कडक ऊन सांगितलं आणि तासाभरात सगळ्यांचे वाळत घातलेले कपडे भिजले. त्यावर म्हणे, अंदाज बरोबरच होता, ढग चुकले. तू असतीस तर त्यांना बाकावर उभं केलं असतंस. गाण्याच्या वर्गाला आता नऊच माणसं उरलीत, त्यांतली चार सुरात आहेत. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली हरवली होती, ती कपाटाच्या आतच निघाली. कशी ते कुणीच कबूल करत नाही. तुझ्या कुंड्यांना मी रोज पाणी घालते. कोपऱ्यातल्या जास्वंदीला चार कळ्या आल्यात. तुझ्या मागे तिला काय झालंय कोण जाणे, तू होतीस तेव्हा नुसती पानं वाढवत होती.

आणि सुतारकाकांनी तुझ्या दाराशी लाकडी उतरण बसवली आहे. वॉकर घेऊन येशील तर पायरी कशी चढशील, म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस गुडघे टेकून रंधा मारत होते. ती पुरी होऊन आठवडा झाला नसेल, तोच मॅनेजर एका नव्या जोडप्याला घेऊन तुझं घर दाखवायला आले. त्या बाईंना उतरण फार आवडली. मी माझ्या खिडकीतून बघत होते. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचं असं तुझ्या लेकीने कळवलंय, हे मला तेव्हा कळलं. मी घरात गेले आणि विनाकारण सगळी भांडी घासून काढली.

तुला आठवतं, तू इथे राहायला आलीस तेव्हा पहिले सहा महिने आपण एकमेकींना अहोजाहो करत होतो? तू गणिताच्या बाई, मी हॉस्पिटलातली सिस्टर, दोघींनाही हुकूम सोडायची सवय, त्यामुळे भिंतीला भिंत लागून असूनही आपण जपूनच होतो. मग एकदा मी तुझ्या दारातल्या कुंड्या तुला न विचारता एका ओळीत लावल्या आणि तू मला सगळ्यांदेखत म्हणालीस की तुला दुसऱ्याच्या वहीत लिहायची खोड आहे. त्या दिवसापासून आपण अगं-तुगंवर आलो. तू ते थट्टेत म्हणाली होतीस. पण माणूस ओळखला होतास. हे वाक्य गेले दोन महिने माझ्या डोक्यातून जात नाही.

तुझी आणखी एक गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच कळली होती. छत्तीस वर्षं शाळेच्या घंटेने उठवलं, आता मला कुणी उठवायचं नाही, असं तू मॅनेजरला तोंडावर सांगितलं होतंस. नऊच्या आत धड उठायचं नाही हा तुझा पण होता. आणि इकडे पाटीचा नियम. प्रत्येकाच्या खिडकीबाहेर दोन रंगांची पाटी, रात्री निजताना निळी बाजू, सकाळी साडेसातच्या आत पिवळी. खिडकीच्या गजांतून हात बाहेर घातला की झालं, दारही उघडायला नको. साडेसातला मी वही घेऊन आपल्या अकरा घरांवरून फिरायचं, पिवळी दिसली की खूण करायची, निळी दिसली की दार ठोठावायचं, दार उघडलं नाही तर ऑफिसातून दुसरी किल्ली आणायची. कुणी आत पडून राहू नये, एवढ्यासाठी हे सगळं. नियम चांगला आहे. तो करायला लावणाऱ्यांत मीही होते, हे तुला ठाऊक आहे.

घोडं अडलं ते बाकामुळे. ज्या ओळीत महिनाभर एकाही दारावर थाप पडणार नाही, त्या ओळीत पुढचा महिनाभर तो फिरता बाक. पाठ टेकायला जागा असलेला, दोन माणसं ऐसपैस बसतील असा. लोकांना वेळेवर पाटी फिरवायची सवय लागावी म्हणून काढलेली ती शक्कल. पण आपल्याला ठाऊकच आहे, म्हातारपणी माणसं किती चुरशीला येतात. पहिली ओळ आणि आपली तिसरी ओळ यांच्यात तर नुसती जुंपली होती. मला त्या बाकाची हाव सुटली होती, हे आता स्पष्टच लिहिते. अकरा वाजता तू आणि मी त्यावर चहाचे कप घेऊन बसायचो आणि पहिल्या ओळीतली मंडळी आपल्याकडे बघत जायची, ते मला आवडायचं. ओळप्रमुख म्हणून माझं नाव फलकावर लागायचं, तेही आवडायचं. आपलं महिन्याचं पत्रक मी लिहिते, त्यात तिसऱ्या ओळीची बातमी मी दोन वाक्यं जास्तच लिहायचे. आणि अकरा घरांपैकी दहा घरं वेळेवर उठत होती. उरलेल्या एका घरात तू कधी कुरकुरत उठून पाटी फिरवायचीस आणि परत झोपायचीस, तर कधी झोपूनच राहायचीस.

पहिल्यांदा मी तुझी पाटी फिरवली त्याला दीड वर्ष झालं. महिन्याचे शेवटचे दोन दिवस उरले होते. सात वीसला मी बघितलं तर तुझी पाटी निळी. दार वाजवलं असतं तर तू चिडली असतीस आणि बाकही गेला असता. मी इकडे तिकडे बघितलं आणि फिरवली. खट् झालं आणि झालंच ते. नऊला तू उठलीस, बघितलंस, आणि हसत हसत मला सांगायला आलीस की हात सवयीने आपोआप जातो वाटतं, झोपेतच उठून पाटी फिरवते मी आणि परत येऊन पडते. मी ती समजूत तशीच राहू दिली. तू ते पुढे सगळ्यांना रंगवून सांगायला लागलीस, झोपेत पाटी फिरवणारी बाई म्हणून आपल्या ओळीत तुझं कौतुक व्हायला लागलं, आणि मीही त्या हसण्यात सामील होत गेले. नंतर आठवड्यातून एकदा, मग दोनदा. शेवटी शेवटी तर मी वही घेऊन घराबाहेर पडले की आधी तुझ्याच खिडकीकडे जायचे. त्यात काही चूक आहे असं मला वाटेनासं झालं. तुझी झोप मोडत नाही म्हणजे मी तुझं भलंच करतेय, अशी मी माझी समजूत घातली होती.

मी चाळीस वर्षं वॉर्डात राउंड घेतले. न बघितलेल्या पेशंटचं टेंपरेचर मी एकदाही चार्टवर चढवलं नाही. एका नव्या नर्सने तसं केलं होतं, तर मी तिला सगळ्या वॉर्डासमोर रडवलं होतं. ही गोष्ट मी तुला बाकावर बसून निदान दहा वेळा सांगितली असेल. सांगताना माझा आवाज केवढा चढायचा, तेही तुला आठवत असेल.

आता तो मंगळवार. सात वीसला मी तुझ्या दाराशी आले. पाटी निळी होती. पेपर पायरीवर तसाच पडलेला होता, पण तुझा पेपर नऊपर्यंत तिथेच असतो, म्हणून त्याचं काही वाटलं नाही. मी पाटी फिरवली. फिरवल्यावर आतून आवाज आला. प्लॅस्टिकचा मग फरशीवर आपटल्यासारखा, तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. माझ्या मनात आलं, आज बाई लवकर उठल्या, आंघोळीला गेल्या. मला तर बरंच वाटलं, म्हणजे आज पाटी खोटी नाही. साडेसातची वाट न बघता वहीत तुझ्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या घराकडे वळले. त्या आवाजाकडे मी कानाडोळा केला असं नाही गं, तो मी नीट ऐकला. ऐकून मला हवा तो अर्थ लावला. आंघोळ करणारं माणूस मोजून तीन-तीनदा मग आपटत नाही, हे वॉर्डात मी झोपेतसुद्धा ओळखलं असतं.

अकराला तू बाकावर आली नाहीस. माझा चहा निवला. साडेअकराला मी दार वाजवलं, किल्ली आणली, आणि तू न्हाणीच्या उंबऱ्याशी पडलेली दिसलीस. पाय बघूनच कळलं की खुबा मोडलाय. हातपाय गार पडले होते. तुझ्या हाताखाली तो प्लॅस्टिकचा मग होता. मगाची कड चिरली होती.

अॅम्ब्युलन्समध्ये तू माझा हात धरून सांगत होतीस, मी अंधारात पडले, नंतर पेपर पडला, नंतर कुणीतरी दाराशी आलं, पाटी खट् वाजली, मी हातातला मग आपटला आणि ते माणूस निघून गेलं. तू एकेक शब्द बरोबर सांगत होतीस. क्रमाने, फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं. आणि मी तुझ्या कपाळावरून हात फिरवत म्हटलं की डोक्याला मार लागला की असं होतं, सगळं उलटसुलट वाटतं, तू आता बोलू नकोस. म्हणजे पुढे डॉक्टर जे म्हणाले, ते तुला सगळ्यांच्या आधी मीच म्हटलं. तू गप्प झालीस. माझ्यावर विश्वास ठेवून गप्प झालीस.

हॉस्पिटलात विचारलं, पडल्या कधी? मी जुनी सिस्टर, माझा शब्द ते लोक मानतात. मी म्हटलं, साडेसातला पाटी पिवळी होती, म्हणजे त्याच्या नंतरच. तसं कागदावर गेलं. मॅनेजरनी वही बघितली, तिथेही खूण होती. पत्रकात छापून आलं की शेजारणीच्या दक्षतेमुळे प्राण वाचले. ती बातमी तेवढी मी लिहिली नाही, ऑफिसने लिहिली. पण शुद्धलेखन तपासायला माझ्याकडेच आली होती, आणि मी एक वेलांटी सुधारून परत दिली. सभागृहात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला फुलांचा गुच्छ दिला. तो मी ऑफिसच्या टेबलावर विसरल्यासारखा ठेवून आले.

तेव्हाच का बोलले नाही, हे तू विचारशील. मला वाटलं, तुझं ऑपरेशन होऊन तू परत आलीस की सांगेन. मग वाटलं, सांगून आता काय होणार, हाड तर मोडलंच आहे. तू अंधारात पडलीस की उजेडात, याने कुणाला काय फरक पडतो? ही माझी सारवासारव तुझं पत्र येईपर्यंत चालली. तू लिहिलंयस की सगळे म्हणतात पाटी फिरवलेली होती, म्हणजे तू उजाडल्यावर पडलीस, आणि तरी तू अंधाराचं आणि पेपरचं धरून बसलीस, म्हणून डॉक्टरांनी तुझ्या डोक्याच्या तपासण्या लावल्या. दोन महिने अंथरुणात पडलेल्या माणसाचा आजचा वार सांगताना चुकला, तर तोही तुझ्या नावावर लिहिला. तू लिहिलंयस की आता तुझाच तुझ्यावर विश्वास राहिला नाही, आणि रोज सकाळी लेकीच्या घरातली माणसं उठायच्या आधी तू पडल्या पडल्या एकोणतीसचा पाढा म्हणून बघतेस, आपण जागेवर आहोत ना म्हणून. एकदा मध्येच अडखळलीस आणि दिवसभर कुणाशी बोलली नाहीस. तो पाढा मला गेले नऊ दिवस ऐकू येतोय. मला तो येतही नाही.

तरीही मी उत्तर लिहिलं नाही. एवढी भित्री निघेन असं मला वाटलं नव्हतं. मग परवा रविवारी तुझ्या लेकीचा फोन आला. बिचारी फार थकलेली वाटली. मावशी, तुम्ही होतात म्हणून आई आज आहे, असं म्हणाली, आणि मग सांगितलं की विसर पडणाऱ्या माणसांना ठेवतात तशा एका ठिकाणी तिने तुझ्यासाठी खोली बघितली आहे. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत, फक्त दारं बाहेरून बंद असतात. इकडचं घर सोडल्यावर तिथे. तिला ते करायचं नव्हतं, बोलताना रडत होती. पण आई ज्या गोष्टी घडल्याच नाहीत त्या घडल्या म्हणून सांगते, मग तिला एकटीला कसं ठेवायचं, असं ती मला विचारत होती. मला विचारत होती, बघ. मी फोन हातात धरून नुसती उभी राहिले. तिला वाटलं मीही रडतेय. तिनेच माझी समजूत काढली.

म्हणून आज बसलेय. तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या मंगळवारी सात वीसपर्यंत तुझी पाटी निळी होती. ती तू फिरवली नाहीस, मी फिरवली. पेपर तू ऐकलास तेव्हाच पडला, रोजच्यासारखा पावणेसहाला, आणि तू त्याच्या आधी पडली होतीस. खट् झालेला आवाज माझ्या हातचा होता. तू मग आपटलास, तो मी ऐकला आणि निघून गेले. तू झोपेत पाटी एकदाही फिरवली नाहीस, दीड वर्षात कधीच नाही. तुझं डोकं शाबूत आहे, मास्तरीणबाई. तुझ्या उदाहरणात काही चुकलेलं नव्हतं, दिलेली माहितीच खोटी होती, आणि ती मी दिली होती.

हे पत्र तू एकटीने वाचून ठेवून देऊ नकोस, त्यासाठी ते लिहिलेलं नाही. लेकीला दे, ती ते डॉक्टरांना देईल. म्हणून पानाच्या मागच्या बाजूला मी चार्टवर करायचे तशी पूर्ण सही केली आहे, तारीख आणि वेळ घालून. वर लिहिलेल्या उत्तराची एक प्रत आणि माझी वही सकाळी मॅनेजरच्या टेबलावर ठेवून आले. तुझं घर इतक्यात कुणाला देऊ नका असं त्यांना सांगितलं, आणि लेकीचा फोन येईपर्यंत थांबतो असं ते म्हणाले. दुपारी फलकावर लागेल, मग सगळ्या ओळींना कळेल. ओळप्रमुख आता सुतारकाका आहेत. तुझी लेक यापुढे मला मावशी म्हणणार नाही, आणि तू मला काय म्हणशील त्याचा विचार करायला मी धजत नाही. माफ कर असं लिहायला दोनदा पेन टेकवलं आणि उचललं, ते मागायची ही वेळ नाही. तुझी पाटी तुला नेलं त्या दिवशीच मी निळी करून ठेवली होती, अजून निळीच आहे, तिला कुणाचा हात लागलेला नाही. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव. मी भिंतीपलीकडेच आहे, आणि या खेपेला तू वाजवलंस तर उठून येईन.

तुझ्या वहीत लिहिणारी, पण तुझीच,
सिस्टर